बत्ती कुणाची होती

आमच्या गावात दसऱ्याच्या आधी महिनाभर गल्लोगल्ली शोभेची दारू तयार करायचं काम चालतं. विकत आणलेले फटाके देवाच्या पालखीपुढं उडवणं आमच्याकडे कमीपणाचं समजतात. ज्या गल्लीची दारू त्याच गल्लीच्या हातची हवी. या कामात नवी पोरं घेतली की जाणती माणसं त्यांना पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगतात. जतकडचा एक धनगराचा पोरगा होता, एका घरात पोटच्या पोरासारखा राहिला, खाल्लं-प्यायलं, शिकला, आणि एक दिवस कुणाला न विचारता दारूच्या नळ्याला बत्ती देऊन मोकळा झाला. स्वतःचे डोळे घालवलेच, वर घरच्या पोरालाही मारलं असतं. देवाची कृपा, म्हणून ते वाचलं. तेव्हापासून परक्या हाताला बत्ती द्यायची नाही. गेल्या दसऱ्यालाही ही गोष्ट झाली. मला म्हातारा म्हणून खुर्ची दिली होती. सांगणाऱ्यानं माझ्याकडे हात केला, "ते घरचं पोर म्हंजे हे आपलं संपतआप्पा." पोरांनी वळून माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. हातात चहाचा कप होता. मी चहा प्यायलो.

ती गोष्ट खोटी आहे. खरी काय ते माहीत असलेली दोनच माणसं होती. एकानं कधी सांगितलं नाही, आणि दुसरा मी.

बिरा आमच्या घरी आला तो त्याच्या बापाच्या मेंढरांबरोबर. जत तालुक्यातली ही माणसं पाऊसकाळ संपला की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाकडे उतरायची. ऊस तुटला की रिकाम्या रानात त्यांची मेंढरं बसवायची, रात्रभराचं लेंडी-मूत रानाला खत म्हणून मिळायचं, आणि त्या बदल्यात त्यांना धान्य द्यायचं, ही जुनी पद्धत. बिराचा बाप मायाप्पा दरसाल आमच्याच रानात मेंढरं बसवायचा. एका वर्षी तो आला तेव्हा बरोबर बायको नव्हती, फक्त पोरगा होता. आईनं विचारलं, "आवं, कारभारीण कुठं हाय?" मायाप्पानं डोक्याचा फेटा काढून हातात घेतला. आई समजली. दोन-तीन दिवस ती त्या पोराला बांधावरून बघत राहिली. मग एका सकाळी तिनं हाक मारली, "ये रं, भाकरी खा," आणि तो आला तो राहिलाच. जोंधळ्याची गरम भाकरी, शेंगदाण्याचा खर्डा, वर काकवीची वाटी. काकवी त्यानं कधी खाल्ली नव्हती. बोट घालून चाखली आणि आईला म्हणाला, "ह्यात कोण माशा मारतं काय? लय चिकाट हाय." आई इतकी हसली की चुलीतलं लाकूड बाहेर पडलं तरी तिला कळलं नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेत होते. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे, ट्रंक उघडायचे, आणि आम्ही नीट ओळखायला लागेपर्यंत परत जायचे. घर चालवायची आई, आणि रान बघायचे चुलते, तात्या. पोराला शाळेत घालावं हे आईचंच म्हणणं. मायाप्पाला ते आधी पटलं नाही. "वैनी, शिकून मेंढरं राखायची व्हय?" आई म्हणाली, "मेंढरं कशाला? आमच्या मालकांसारखं फौजंत जाईल. छाती बघा की पोराची." अण्णांनी पत्रातून हे उचलून धरलं. भरतीच्या वयाचा झाला की मी स्वतः उभा राहीन त्याच्याबरोबर, असं लिहिलं. ते वाचून दाखवल्यावर बिरा अंगणात लेफ्ट-राइट करत फिरला, आणि आईनं त्याला पळीनं सलामी दिली.

आम्ही एका घोंगडीत झोपायचो, एका ताटात जेवायचो, एका वर्गात बसायचो. मी आईला आई म्हणायचो म्हणून तोही आई म्हणायला लागला. पहिल्यांदा त्याच्या तोंडून ते आलं तेव्हा तो स्वतःच दचकला, मग आईकडे बघत राहिला. आई जोंधळा पाखडत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "काय रं?" एवढंच. पण त्या दिवशी पाखडलेल्या जोंधळ्यात भाकरीभर तरी खडे राहिले होते, कारण तिला पुढं नीट दिसतच नव्हतं. हे मला आत्ता लिहिताना कळतं आहे. तेव्हा मी खडा लागला म्हणून कुरकुरलो होतो.

शाळेत आम्हाला जंगम सर विज्ञान शिकवायचे. उंच, वाकलेले, सायकलच्या कॅरिअरला कायम काहीतरी बांधलेलं. इस्लामपूरला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन भरणार होतं. दुसऱ्या शाळा काय, जलचक्र करतात, फुप्फुसं करतात. सर म्हणाले, आपण रॉकेट करू, आणि ते उडवू. त्यांच्याकडे वर्तमानपत्रातून कापलेलं एक चित्र होतं. थुंब्याच्या समुद्रकाठावरचं आपल्या देशाचं रॉकेट, आणि त्याच्याशेजारी उभा एक माणूस. सरांची अट अशी की आपलं रॉकेट नुसतं रॉकेटसारखं दिसायचं नाही. लांबी, जाडी, शेपटीचे पंख, टोक, सगळं त्या खऱ्याच्या प्रमाणात हवं. पण खरं किती लांब हे चित्राखाली दिलेलं नव्हतं. सर म्हणाले, माणसाची उंची धरा आणि त्यावरून काढा. झालं, माणूस किती उंच यावरून वर्गात भांडण. अर्धा वर्ग म्हणे सरकारी माणूस म्हणजे उंचच असणार. बिरानं चित्र डोळ्यांजवळ नेलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "सर, ह्यो गडी दगडावर उभा हाय." बघतो तर खरंच, माणसाच्या पायाखाली काहीतरी काळं होतं. सर इतके खूश झाले की त्यांनी चित्र बिराकडेच ठेवायला दिलं.

पुढचे कितीतरी दिवस आमच्या ओसरीवर ते रॉकेट तयार होत गेलं. जुन्या वह्यांचे कागद खळीनं एकावर एक चिकटवत लोखंडी पाइपभोवती गुंडाळायचे, वाळू द्यायचे, मग पाइप ओढून काढायचा. पहिली दोन नळकांडी पाइपालाच चिकटून बसली. आईनं खळ घट्ट करून दिली, ती म्हणाली, "येवढ्यात साऱ्या गावाच्या पतंगा झाल्या असत्या." टोक बिरानं पांगाऱ्याच्या लाकडाचं केलं. पांगारा हलका असतो आणि चाकूला मऊ लागतो. रोज मेंढरांमागं काठ्या तासत वाढलेला त्याचा हात, लाकूड फिरवत फिरवत असं तासायचा की वाटावं आतलं टोक आधीच तिथं आहे, हा फक्त वरचं काढून टाकतो आहे. पंख पुठ्ठ्याचे. ते तिरके बसले म्हणून त्यानं एकदा उपटून पुन्हा बसवले. मी काय केलं? मी रंग दिला. पांढरा, वर तांबडा पट्टा. आणि मी तात्यांकडून नळा मिळवला.

नळा म्हणजे दारू ठासलेलं बांबूचं कांडं, रॉकेटच्या पोटात बसवायचं. आमच्या गल्लीचं दारूकाम तात्यांच्या हाताखाली चालायचं. पोरांच्या खेळाला देवाची दारू देणार नाही म्हणून ते आधी अडून बसले. मग सर स्वतः येऊन बोलले, प्रदर्शनात गावाचं नाव होईल म्हणाले, तेव्हा तयार झाले. नळा माझ्या हातात देताना त्यांनी विचारलं, "बत्ती कोण देणार?"

मी सांगितलं, "सर म्हणालेत बिरा देणार. त्यानं जास्त काम केलंय म्हणून."

तात्यांनी नळा पुन्हा आपल्याकडे ओढला. "आरं, दारू आपली, नळा आपला, आन् बत्ती धनगराची? पालखीपुढं पहिली बत्ती आपल्या घरची असती. तुज्या आज्ज्याची हुती, माजी हाय. मान असा वाटून टाकायचा नसतो, गड्या."

"शाळेचं काम हाय, तात्या."

"मग शाळेत जाऊन रड," म्हणाले आणि नळा दिला. हसतच दिला. पण ते माझ्या डोक्यात बसलं. तोपर्यंत बत्तीचा विचारही माझ्या मनात नव्हता. त्या दिवसापासून दुसरा विचार नव्हता. ओसरीवर बिरा पंखांना पॉलिश पेपर मारत बसलेला दिसला की मला वाटायचं, आमची ओसरी, आमची खळ, आमचा नळा. मी त्याचा द्वेष करत होतो असं नाही. रात्री घोंगडी त्याच्याकडे जास्त गेली तर मी ओढत नव्हतो. पण बत्ती मला हवी होती.

आता आमच्या दारूकामातला एक नेम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. एखादा नळा पेटवला आणि तो नुसता धुरून विझला, तर त्याला फुसका म्हणतात, आणि ती साऱ्या गल्लीची लाज. पालखीपुढं फुसका तसाच सोडून चालत नाही. मग ज्याच्या हातानं बत्ती दिली त्यानंच परत जवळ जायचं आणि पुन्हा पेटवायचं. दुसऱ्या कुणी जायचं नाही, कुणी जातही नाही. वाकून पुढं चाललेला माणूस दिसला की बघणाऱ्याला विचारावं लागत नाही, बत्ती याचीच. आज हा नेम ऐकून माझ्या अंगावर काटा येतो. धुरणाऱ्या नळ्यापासून पळायचं असतं, त्याच्याकडे जायचं नसतं. पण तेव्हा आम्हाला त्यात मर्दपणा दिसायचा.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी माळावर नेऊन एकदा उडवून बघायचं ठरलं. दोन नळे होते, एक चाचणीला, एक उद्याला. सर शाळा सुटल्यावर सायकलनं येणार होते. "मी आल्याशिवाय काडी ओढायची नाही," त्यांनी आम्हा दोघांच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं. ऊसतोडीचे दिवस होते, गुऱ्हाळाच्या धुराचा गोड वास माळापर्यंत येत होता. पलीकडच्या रानात मायाप्पाची मेंढरं बसली होती, त्यांची बें-बें ऐकू येत होती. आम्ही लोखंडी सळई जमिनीत रोवली आणि रॉकेट तिला लावून उभं केलं. पांढरं, तांबड्या पट्ट्याचं, टोक आभाळाकडे. ओसरीवर ते खेळणं वाटायचं. तिथं उघड्या माळावर ते चित्रातल्यासारखं दिसलं. बिरा चार पावलं मागं गेला, एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाला, "संपा, शेजारी दगुड ठेव आन् त्येच्यावर उभा ऱ्हा." मी हसलो. हसतानाही माझा हात खिशातल्या काड्यापेटीवर होता.

सर येईनात. बिरा म्हणाला, "मी वर जाऊन वाट बघून येतो, सायकल दिसती का," आणि तो टेकाडाकडे पळाला. त्याची पाठ वळली आणि मी काडी ओढली. वात पेटली. मी पळालो आणि बांधाआड झालो. वात जळत आत गेली, थोडा धूर आला, आणि काही झालं नाही. माळावर वाऱ्याचाही आवाज नव्हता.

बिरा टेकाडावरून धावत आला. "आरं, काय केलंस? सर—"

तेवढ्यात तात्यांचा पोरगा शिवा म्हशी घेऊन बांधावर आला. माझ्यापेक्षा थोरला, तोंडाळ. बत्ती देताना त्यानं पाहिलं नव्हतं, फक्त धूर पाहून तो आला होता. दोन पोरं आणि मधोमध धुरणारं पांढरं नळकांडं, एवढंच त्याला दिसलं. तो म्हशीच्या पाठीवर थाप मारून ओरडला, "फुसका! गल्लीची इज्जत घालवली रं! कुणाची बत्ती? आं? कुणाची रं बत्ती?"

 मला उठायचं होतं. नेम मला माहीत होता, लहानपणापासून माहीत होता. पण मी बांधाला पाठ लावून बसूनच राहिलो. बिरानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली जमिनीकडे पाहिलं. शिवा पुन्हा ओरडला, "पाय वाळलं का? जा की रं, ज्याची आसंल त्यो!" बिरा अजून माझ्याकडेच बघत होता. रागानं नाही. आजारी मेंढराकडे बघतात तसा, याला चालवेल का, अशा नजरेनं. मग त्यानं माझ्या मुठीतली काड्यापेटी काढून घेतली आणि तो निघाला.

शिवाला त्याचं उत्तर मिळालं.

बिरा वाकला. त्याचं तोंड रॉकेटच्या बुडाशी गेलं, आणि त्याच क्षणी ते उडालं. फटाक्यासारखा धडाका नाही. नवंकोरं कापड कुणी एका दमात फाडावं तसा आवाज झाला आणि ते पांढरं रॉकेट सरळ वर गेलं. मी आयुष्यात इतकी सरळ रेघ पाहिली नाही. पंख तिरके नव्हते, कुठं डगमगलं नाही. टेकाडाच्या वर, घारींच्या वर. तांबडा पट्टा दिसेनासा झाला. नुसता उन्हात चमकणारा ठिपका राहिला. मी उठून उभा होतो, दोन्ही हात वर करून ओरडत होतो, "गेलं! गेलं! आई शप्पत गेलं!" शिवाही म्हशी सोडून नाचत होता. ते वर जाऊन एका बाजूला कललं आणि उसाच्या रानामागं पडेपर्यंत मी त्याच्यावरून नजर काढली नाही. मी टाळ्या वाजवल्या. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. बत्ती माझी होती हे कदाचित आधी लिहू शकलो असतो. पण तो खाली पडलेला असताना मी वर बघून टाळ्या वाजवत होतो, आणि तेवढा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

मग पलीकडून मायाप्पाची हाक ऐकू आली, आणि मी खाली पाहिलं. बिरा गुडघ्यांवर बसला होता. दोन्ही तळवे तोंडावर. ओरडत नव्हता. हळूहळू पुढं-मागं होत होता.

सर पोचले ते तेव्हाच. त्यांनी सायकल तशीच टाकली. उसाचा ट्रक थांबवून बिराला आत घातलं. आई कणकेच्या हातानं पळत आली, चप्पल नाही, डोक्यावर पदर नाही. ट्रकमध्ये उसाच्या मोळ्यांवर बसून तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मिरजेच्या दवाखान्यापर्यंत एकच बोलत राहिली, "आलं हां, माज्या राजा, आलं आता." त्यानं तिच्या लुगड्याचा काठ मुठीत धरला होता.

उजवा डोळा गेला. डाव्यात थोडा उजेड राहील, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी तात्या शिवाला घेऊन आले. सर खाली मान घालून खाटेच्या पायथ्याशी उभे होते. तात्यांनी विचारलं, "बत्ती कुणी दिली?" शिवा म्हणाला, "बिरानं. फुसका झाल्यावर त्योच गेला की परत." यावर आमच्या गावच्या माणसाला दुसरा पुरावा लागत नाही. तात्यांनी तरी पट्ट्या बांधलेल्या बिराला विचारलं, "व्हय रं? तूच दिलीस?"

मी त्याच्या उशाशी होतो. एक शब्द बोलायचा होता. तोंड उघडलंही होतं मी, इतकं आठवतं.

बिरानं आवाजाच्या दिशेनं मान वळवली आणि विचारलं, "गेलं का वर?"

"गेलं," मी म्हणालो.

"मग व्हय," तो तात्यांना म्हणाला, "मीच दिली."

त्याला वाटलं असेल, घरात मला मार बसेल. किंवा अण्णांना कळेल. किंवा त्याला काहीच वाटलं नसेल, पोराच्या वयात माणूस बोलून जातो. पण त्यानं आईचा विचार केला नव्हता. आई दारात डबा घेऊन उभी होती. सर नको म्हणाले होते, तरी यानं काडी ओढली, आणि तिचा मुलगा शेजारी उभा होता, हे तिनं ऐकलं. तिचा चेहरा कसा बदलत गेला ते मी पाहिलं. तिनं डबा टेबलावर ठेवला. मायाप्पा घोंगडी पांघरून भिंतीला टेकून बसला होता, त्याच्यापुढं ती उभी राहिली.

"तुमचं पोर बरं झालं की घिऊन जावा, भाऊ."

मायाप्पा भिंत धरून उभा राहिला.

"आज माजा गेला आसता," आई म्हणाली. "मी कुठल्या तोंडानं मालकांच्याम्होरं उभी ऱ्हायले आसते? न्हाई. माज्यानं न्हाई व्हायाचं."

खाटेवरून हाक आली, "आई."

तिनं वळून त्याच्या अंगावरची चादर सारखी केली, पायापासून छातीपर्यंत, नीट.  मग मला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. वऱ्हांड्यात तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरून डोळे, गाल, कपाळ, सगळं चाचपून पाहिलं, आणि मला पोटाशी धरून रडली. मी तेव्हा सांगू शकलो असतो. तिथं आम्ही दोघंच होतो.

बिरा बापाबरोबर गेला. पुढच्या वर्षी मायाप्पाची मेंढरं आमच्या रानात आली नाहीत, दुसऱ्या कुणाकडे बसली. सरांची बदली झाली. इस्लामपूरच्या प्रदर्शनात आमच्या शाळेनं जलचक्र मांडलं. उरलेला नळा तात्यांनी विहिरीत टाकला.

आई मात्र त्याला विसरली नव्हती. अधूनमधून, भाकरी थापताना, काही संबंध नसताना ती म्हणायची, "त्यो तसा न्हवता रं. कशी बुद्दी झाली आसंल त्येला?" प्रत्येक वेळी माझ्यापुढं दार उघडं टाकल्यासारखं ते वाक्य यायचं. आणि मी म्हणायचो, "पोरवय, आई." माझं लग्न झालं, मी साखर कारखान्यात नोकरीला लागलो, मला मुलं झाली, अण्णा पेन्शनवर येऊन वारलेही, तरी ती विचारत राहिली आणि मी तेच उत्तर देत राहिलो. जितकी वर्षं गेली तितकं सांगणं अवघड झालं. आधी फक्त बत्ती कबूल करायची होती. मग बत्ती आणि एक वर्ष, मग बत्ती आणि सारा जन्म.

आई गेल्यावर, दिवसकार्य आटोपल्यावर, मी जतला गेलो. यष्टीतून उतरून वाटेत विचारत विचारत त्याची वस्ती गाठली. उन्हाळ्याचे दिवस. सगळीकडे पांढरी माती आणि काटेरी झुडपं. दगडाचं एक घर, पुढं मेंढरांचा वाडा, दारात भरलेल्या दोन घागरी झाकून ठेवलेल्या. पाणी टँकरनं यायचं आणि पुढचा टँकर कधी येईल याचा नेम नव्हता, हे वाटेतल्या माणसानंच सांगितलं होतं. त्याच्या बायकोनं दारात येऊन कानडीत विचारलं, "यार बंदार?" कोण आलंय म्हणून. मी आत हाक मारली, "बिरा."

तो आतून बाहेर आला. केस पांढरे, अंग अजून तसंच रुंद. डावा डोळा बारीक करून त्यानं मान तिरकी केली. "संपा?"

घोंगडीवर बसलो. त्यानं सगळ्यांची चौकशी केली, म्हशींचीसुद्धा. आईचं नाव मात्र त्यानं घेतलं नाही, आणि मलाही ते काढवेना. मी येताना यष्टीत सगळं पाठ केलं होतं. त्यातलं एकच वाक्य बाहेर आलं, "बिरा, ती बत्ती माझी होती."

तो हसला. "मग? मला ठाव न्हाई व्हय? खुळाच हायस." बायकोला कानडीत काही बोलला, तीही हसली. मग त्यानं जमिनीवरची एक काडी उचलली, मोडली, पुन्हा मोडली. "आईला सांगितलंस?"

"नाही."

 मग अगदी मऊ आवाजात, जणू लहान पोराला समजावतो आहे, "सांगायचं की रं. आता तरी सांग. माजं काय, डोळा गेला तर मेंढरं वळखू येत्यात वासानं. पर जाऊन तिला सांग. आन् ती ये म्हणाली, तर मी येतो एकडाव. पोरांस्नी घिऊन येतो."

"आई गेली, बिरा," मी म्हणालो. "चैतात."

त्याच्या हातातली काडी तशीच राहिली.

"म्हंजे ती तशीच गेली," तो म्हणाला.

तो उठला. भिंत चाचपत दाराशी गेला. दूरगावी आपलं माणूस गेल्याची खबर आली की अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावरून पाणी घ्यायचं, ही दोन्ही मुलखांतली रीत. ती रक्ताच्या माणसांनी पाळायची असते, बाकीच्यांनी नुसतं च्‌च्‌ केलं तरी पुरतं. बिरानं फेटा काढून ठेवला, घागरीवरचं झाकण बाजूला केलं, घागर दोन्ही हातांनी वर उचलली आणि डोक्यावर ओतली. बायको ताडकन उठली. "आवं—" एवढंच म्हणाली आणि त्याच्या तोंडाकडे बघून थांबली. त्यानं दुसरी घागर उचलली. तीही शेवटच्या थेंबापर्यंत ओतली. त्या मातीत पाणी साठलं नाही, पडलं तिथंच आत गेलं.

बायकोनं रिकामी घागर कमरेवर घेतली आणि शेजारच्या वस्तीकडे निघाली.

"संपत," तो माझ्याकडे न वळता म्हणाला, "उन्हं कलायच्या आत निघ. मागनं यष्टी न्हाई."

मी उठलो. तो दारातच उभा होता, सदरा अंगाला चिकटलेला, आणि कोपरांवरून पाणी निथळत होतं.